नातीने आतून कडी घातली. दाराचं घरी सांगितलं, गोळ्यांचं सुनेला सांगू का?

निवृत्त_यांत्रिक

नमस्कार मंडळी. इथे बहुतेक आयाच लिहितात असं दिसतं. मी आजोबा आहे, चालवून घ्या. वय ६३. एसटीच्या कार्यशाळेत ३४ वर्षं काढली, आता साताऱ्यात नात सांभाळतो. चिऊ दोन वर्षं दोन महिन्यांची. मुलगा शिरवळला कारखान्यात, सून कोरेगावला बँकेत. सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेसहा पोरगी आम्हा दोघांच्या ताब्यात असते. म्हणजे आम्ही तिच्या.

विचारायचं आहे ते शेवटी विचारतो. आधी झालं काय ते सांगतो, जरा लांबेल.

आमचा फ्लॅट १९९६ सालचा. बेडरूमच्या दाराला आतून दोन कड्या, एक वर आणि एक खाली, जमिनीतल्या भोकात जाणारी. खालची कित्येक वर्षांत कोणी वापरली नव्हती. रंगाचे थर बसून ती जाम झाली होती. मे महिन्यात दुपारी काही काम नव्हतं म्हणून मी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना आणि कड्यांना तेल दिलं. खोड जात नाही. त्या खालच्या कडीलाही दिलं, वर-खाली करून मोकळी केली, हिला हाक मारून दाखवलीसुद्धा, बघ कशी लोण्यासारखी सरकते. ही म्हणाली, "चालू होतं ते बिघडवू नका." डेपोत हेच वाक्य मी पोरांना सांगायचो.

ही खालची कडी कशी असते बघा. मूठ खाचेत अडकवलेली असली की दांडा वर राहतो. मूठ नुसती फिरवली की दांडा स्वतःच्या वजनाने भोकात पडतो. म्हणजे लावायला अक्कल लागत नाही. काढायला मात्र दांडा उचलायचा, उचलून धरायचा आणि मग मूठ फिरवून अडकवायची. दोन वर्षांच्या पोराला पहिलं जमतं, दुसरं जमत नाही. आणि दांडा नेमका तिच्या हाताच्या उंचीवर.

१ जूनची गोष्ट. तारीख लक्षात राहायचं कारण एसटीचा वाढदिवस. १९४८ साली याच दिवशी पुणे-नगर पहिली गाडी सुटली. आमच्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर सकाळपासून हार घातलेल्या गाड्यांचे फोटो येत होते, म्हणून बॅटरी उतरलेली आणि मोबाईल बेडरूममध्ये चार्जिंगला. सौ. गच्चीवर कुरडया उलटवायला गेलेली. शेजारचे सुट्टीत गावाला, दाराला कुलूप. मी कुकरच्या शिट्ट्या मोजत स्वयंपाकघरात. मागे दार लोटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ टक्क. तो आवाज मी ओळखला. तेल घातलेली कडी असाच आवाज करते.

आधी गोडीत घेतलं.

"चिऊ, कडी काढ बाळा."

आतून आनंदाने, "कढी?"

"कढी नाही, कडी. कडी वर कर."

"कढी. भात."

पोरीला ड आणि ढ एकच. कढी-भात तिचा जीव की प्राण. मी जितक्यांदा कडी म्हणतोय तितक्यांदा तिला वाटतंय आबा जेवायला वाढतायत. शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाली, "आबा कढी दे ना." दाराच्या बाहेर मीही त्याच बेताला आलेलो.

दार आत उघडणारं, म्हणजे बिजागऱ्या आतल्या बाजूला, पिना काढता येत नाहीत. खिडकीला ग्रिल. धक्का मारून दार फोडलं असतं, पण ती दाराला चिकटून उभी. खाली फट एक सेंटिमीटरची. पालथा पडून बघितलं तर कडीचा दांडा दिसत होता, त्याच्या मागे तिची पावलं. दांडा ॲल्युमिनियमचा. म्हटलं हे पाच-दहा मिनिटांचं काम. हॅक्सॉचं नुसतं ब्लेड काढलं, एका टोकाला फडकं गुंडाळलं, आडवं फटीत सरकवलं आणि पहिला घास मारला. तर आतून तिची बोटं बाहेर आली. चार बोटं, ब्लेडच्या शेजारी. तिला वाटलं आबा खेळतायत.

ब्लेड बाहेर काढून मी तसाच फरशीवर पडून राहिलो. इंजिनाखाली पडून आयुष्य गेलं, पण त्या दिवशी छाती जशी धडधडली तशी कधी धडधडली नव्हती.

मग आत शांतता. लहान मूल गप्प झालं की काय होतं ते इथे कोणाला सांगायला नको. दोन मिनिटांनी फटीतून एक गोळ्यांची पट्टी बाहेर आली.

"तिकीट," ती म्हणाली.

आम्ही घरी एसटी-एसटी खेळतो. पलंग म्हणजे गाडी, मी ड्रायव्हर, ती मास्तर. कॅलेंडरची पानं फाडून तिकिटं देते. त्या दिवशी तिला कॅलेंडर मिळालं नाही, आजीच्या उशाजवळचा औषधांचा डबा मिळाला. बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या.

त्या क्षणी ओरडलो असतो तर ती घाबरून आत पळाली असती, डबा घेऊन. का कुणास ठाऊक, ते सुचलं नाही. म्हणालो, "मास्तर, आम्ही खूप माणसं आहोत. सगळ्यांना तिकिटं द्या." एक एक करून पाच पट्ट्या आल्या, एक डोकेदुखीची पण. "अजून आहेत का मास्तर?" "शंपली."

आता तिला दारापासून लांब ठेवायचं होतं. म्हटलं, "मास्तर, डबल बेल द्या, गाडी महाबळेश्वरला निघाली. सीटवर बसा." आतून टिंग टिंग झालं आणि पलंग करकरला. मी ब्लेड सरकवलं. कापताना जो आवाज होतो तोच इंजिनाचा आवाज म्हणून चालवला. वर तोंडाने भर्रर्र. गाडी थांबली की मास्तर खाली उतरणार हे ठाऊक होतं, म्हणून हात थांबवायची सोय नाही. लिंब फाटा आला. पाचवड आलं. वाईला हात भरून आला म्हणून अर्धा मिनिट थांबलो, तर लगेच धप्प. "वाई आली?" आणि पावलं दाराशी. परत डबल बेल, परत सीटवर. पसरणी घाटात मध्येच सौ. कुरडयांची परात घेऊन दारात. मी फरशीवर पालथा, घामाघूम, तोंडाने घाट चढतोय. ती काही विचारणार तेवढ्यात मी हातानेच गप्प केलं. पाचगणीला दांडा तुटला.

दार ढकललं तर मास्तर पलंगावर मांडी घालून, अंगभर पावडर. "आबा, तिकीट?" पहिला प्रश्न.

टक्क ते पाचगणी, सगळं मिळून पस्तीस-चाळीस मिनिटं. कुकरचं भानच राहिलं नव्हतं. किती शिट्ट्या झाल्या ते मला आजही सांगता येणार नाही. गॅस सौ.ने आल्या आल्या बंद केला.

आता जे घरी कोणाला सांगितलेलं नाही ते. सौ.ने गोळ्या मोजल्या. साखरेच्या बरोबर भरल्या. बीपीच्या २० मेला ३० आणलेल्या, २१ पासून रोज सकाळी एक, म्हणजे १२ गेल्या, उरायला हव्या १८. निघाल्या १७.

आम्ही तिचं तोंड उघडून बघितलं, पलंग ओढला, गादी झटकली, पावडरीत बोटं फिरवली. दहा-पंधरा मिनिटं असतील. मग सौ. मटकन खाली बसली आणि म्हणाली, "कराडला गेले होते ना आक्काकडे." परवाच्या त्या कराडच्या फेरीला राहायला लागलं तर म्हणून एक गोळी कापून पर्समध्ये ठेवली होती. ती तिथेच होती.

आणखी एक. या गोंधळात आत मोबाईल वाजला होता. सून रोज साडेअकराला फोन करते. चिऊला बोट फिरवून उचलता येतो. मी बाहेरून ऐकलं, "आई, आबा बाहेर. कढी." आणि ठेवला. संध्याकाळी सून हसत हसत म्हणाली, "आज कढी केली होतीत वाटतं." मी हो म्हणालो. सौ. माझ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तुटलेला दांडा मुलाला दिसला, तेव्हा दाराचं सांगितलं, विनोद करून. दोघं हसली. गोळ्यांचं बोललो नाही. सून मधूनमधून पाळणाघराचं काढते. तिच्या ऑफिसजवळ एक आहे म्हणे. हे कळलं तर पोरगी तिथे जाणार. सौ. म्हणते, गोळी सापडली, विषय संपला, कशाला उकरायचं.

तर विचारायचं ते हे. बाकी दारांच्या कड्यांचं काय करावं? आणि गोळ्यांचं सांगू का?

---

डोंबिवलीची_दोघांची_आई

आबा, पसरणी घाट वाचून ट्रेनमध्ये एकटीच हसत होते, आणि त्या चार बोटांपाशी आल्यावर पोटात कसंतरी झालं. बाजूच्या बाईने विचारलं काय झालं म्हणून.

कड्यांचं सांगते. खालच्या सगळ्या काढून टाका, नुसत्या वर अडकवून ठेवू नका. तुम्ही यांत्रिक आहात, तुम्हाला स्क्रू काढायला काय लागतं. जमिनीतली भोकं एमसीलने बुजवा. बेडरूमला एकच कडी ठेवा, साडेपाच फुटांवर. दिवसा दाराच्या वरच्या कडेवर जाड टॉवेल टाकायचा, दार लागतच नाही. आमच्याकडे चार वर्षं प्रत्येक दारावर टॉवेल होता, पाहुण्यांना वाटायचं हे काय धोब्याचं घर आहे.

बाथरूम विसरू नका. माझा मोठा अडीच वर्षांचा असताना आत अडकला. गोल मुठीचं लॉक होतं, आतून बटण दाबायचं ते. सासूबाई रडायला लागल्या, मी दाराला लाथा मारतेय. शेवटी वॉचमन आला, त्याने बाहेरच्या मुठीच्या मधल्या बारीक भोकात माझी केसांची पिन घातली आणि दार उघडलं. ते भोक त्यासाठीच असतं! सात वर्षं त्या घरात राहत होतो, मला वाटायचं ते डिझाईन आहे. काही मुठींना भोकाच्या जागी खाच असते, ती नाण्याने फिरते. ज्यांच्याकडे अशी लॉकं आहेत त्यांनी आज जाऊन बघा आणि पिन चौकटीच्या वर ठेवून द्या.

मेन डोअरची एक किल्ली शेजारी असू द्या. कचरा ठेवायला बाहेर गेलं आणि लॅच लागलं की संपलं. आणि आबा, मोबाईल खिशात!

दुसऱ्या प्रश्नाचं मी बोलणार नाही. माझ्या सासूबाई पण हे वाचतात.

---

वॉर्ड_नंबर_तीन

आजोबा, मी परिचारिका आहे, कोल्हापूरला, लहान मुलांच्या वॉर्डात १४ वर्षं. तुम्ही पट्ट्या बाहेर काढून घेतल्यात ते इतकं छान केलंत की मी ड्युटीवर सगळ्यांना वाचून दाखवलं. आता रागावते.

सतरा निघाल्या त्या क्षणी रिक्षा करायला हवी होती. पलंग ओढायचा नाही. एकाने शोधायचं आणि दुसऱ्याने पोरीला आणि त्या पट्टीला घेऊन निघायचं. गोळी घरी सापडली तर फोन करून सांगता येतं, माणसं अर्ध्या रस्त्यातून परत येतात, कोणी हसत नाही. तुमच्या नातीचं वजन ११-१२ किलो असेल. ती गोळी मोठ्या माणसासाठी केलेली आहे. बीपीच्या काही गोळ्या अशा आहेत की लहान मुलाला एक-दोन पण भारी पडतात. साखरेच्या काहींचं त्याहून वाईट. मूल आधी खेळत असतं, काही तासांनी साखर उतरते, आणि तेव्हा ते झोपलंय असं घरच्यांना वाटतं. म्हणून आम्ही अशा मुलाला रात्रभर ठेवून घेतो, दर थोड्या वेळाने साखर बघतो. मूल बरं दिसतंय यावर जाऊ नका.

मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढायची नाही. हे गावाकडून येणारे निम्मे लोक करून येतात.

आणि साखरेच्या गोळ्या आहेत म्हणजे घरात साखर तपासायचं यंत्र असणार. त्यात बहुतेक वेळा गोल चपटी बॅटरी असते, २० मिलिमीटरची, नाण्यासारखी. ती गोळ्यांहून वाईट. अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजतं. झाकणाचा स्क्रू बसवलेला आहे ना बघा. जुन्या बॅटऱ्या ड्रॉवरमध्ये साठवायची आपल्याकडे सवय असते, त्या पण काढा.

सुनेला सांगा. रागावेल. डबा कुठे ठेवायचा हे घरातल्या चारही माणसांना माहीत असायला लागतं, आणि तुम्ही सांगितलं नाहीत तर तो परत उशाशी येणार. सौ. काकूंना विचारा आत्ता कुठे आहे.

---

सांगलीची_आज्जी

मी वेगळं सांगते, रागावू नका कोणी. तीन नातवंडं सांभाळली. सगळं सांगत बसले असते तर एकही माझ्याकडे राहिलं नसतं. पोरांचं पडणं, झडणं, तोंडात घालणं चालायचंच. गोळी खाल्ली असती तर सांगणं वेगळं. खाल्लीच नाही, मग सांगायचं काय? सुनेला रात्रीची झोप नाही आणि तुम्हाला दिवसाची.

आमच्या मधल्याने नाकात चिंचोका घातला होता. मला तीन दिवस पत्ताच नाही. एकाच नाकपुडीतून शेंबूड आणि असा वास की जवळ घेववेना. मी ओवा शेकला, वेखंड उगाळलं. शेवटी मुलाने डॉक्टरांकडे नेलं तेव्हा कळलं. त्यांनी दोन मिनिटांत काढला. सून आठ दिवस बोलली नाही. आता तो इंजिनियर झालाय, नाक शाबूत आहे.

---

वॉर्ड_नंबर_तीन

आज्जी, तुमच्यावर कोण रागावणार. पण तो एका बाजूचा वास हीच खूण असते, इतरांनी लक्षात ठेवा. आणि हरभरा, वाटाणा, चिंचोका असं काही असेल तर नाकात पाणी घालू नका, फुगतं. चिमट्याने ओढायला जाऊ नका, गोल वस्तू आणखी आत सरकते. सरळ कान-नाक-घसावाल्यांकडे.

---

महामार्ग_४

सगळे गोळ्यांवर बोलतायत, मला गाडीविषयी दोन शब्द.

सातारा-महाबळेश्वर मेढामार्गे, केळघर घाटाने का नेली नाही? वाईचा वळसा कशाला? आणि वाईला गाडी अर्धा मिनिट थांबते हे पहिल्यांदाच ऐकलं. मी वाईचा आहे, आमच्या स्टँडवर मास्तर नोंद करून, चहा पिऊन येईपर्यंत पॅसेंजर पण चहा पितात. पोरगी खाली उतरली ते नियमाला धरून होतं.

बाकी कडी कापायची कल्पना झकास. माझ्याकडे असतं तर मी दार तोडलं असतं आणि मग आयुष्यभर ऐकलं असतं.

---

निवृत्त_यांत्रिक

महामार्ग साहेब, मेढामार्गे थांबे विरळ. मला दर दोन मिनिटांनी एखादं गाव हवं होतं, नाहीतर मास्तर कंटाळतो. वाई मार्गाची पाटी तोंडपाठ आहे, २२ वर्षं त्या गाड्यांचे ब्रेक बघितलेत.

कोल्हापूरच्या ताई, तुमचं वाचलं आणि लगेच उठून बघायला गेलो. डबा उशाशीच होता. सहा दिवस झाले होते त्या गोष्टीला. सौ.ला विचारलं तर म्हणते रात्री अंधारात कुठे शोधू. आता माळ्याच्या खालच्या फडताळात ठेवलाय, वरच्या कप्प्यात, किल्ली माझ्या जानव्याला. साखरेच्या यंत्राला स्क्रू नव्हता. माझ्याच डब्यात सापडला, मीच कधीतरी काढून ठेवला असणार. बसवला. ड्रॉवरमध्ये तसल्या तीन जुन्या बॅटऱ्या निघाल्या.

रिक्षाचं तुम्ही बोललात ते रात्रभर डोक्यात फिरत होतं. खरं सांगू का, त्या पंधरा मिनिटांत मनात आलं होतं न्यायचं. पण दवाखान्यात नेलं की मुलाला फोन करावा लागेल, आणि फोन केला की सगळं कळेल, हेही त्याच वेळी मनात आलं होतं. म्हणून मी पलंग ओढत राहिलो. हे इथे लिहितोय, सौ.शी पण बोललेलो नाही.

---

संध्याकाळची_लोकल

आबा, मी सुनेच्या बाजूची. ठाण्याला नोकरी करते, मुलगा सासूबाईंकडे असायचा.

तो दीड वर्षाचा असताना जिन्यावरून पडला होता, सहा पायऱ्या. मला सांगितलं पलंगाच्या कडेला आपटला. टेंगूळ होतं, मी बर्फ लावला, विसरले. दोन महिन्यांनी आमचा दूधवाला मला सहज म्हणाला, "आता बरा आहे ना, त्या दिवशी जिन्यावरून केवढा पडला." मी हसून हो म्हणाले आणि घरात येऊन बाथरूममध्ये रडले.

पडण्याचं नाही हो. मुलं पडतात. पण त्यानंतर सासूबाई काहीही म्हणाल्या, जेवला, झोपला, शी झाली, तर मला वाटायचं खरं असेल का? मी ऑफिसातून दिवसाला पाच फोन करायला लागले. त्यांना वाटायचं मी संशय घेते. घेतच होते. शेवटी पाळणाघर लावलं, ते जिन्यामुळे नाही.

तुमच्या सुनेला कढीचं पण सांगा. ते आधी सांगा.

---

डोंबिवलीची_दोघांची_आई

मी बोलणार नव्हते, पण लोकलताईंना माझे शंभर मार्क. (सासूबाईंनी वाचलंय. त्यांनीच लिहायला सांगितलं.)

---

निवृत्त_यांत्रिक

मंडळी, कालची हकीगत कळवतो.

रविवार होता, सगळे घरी. चिऊ झोपल्यावर मी सुनेला आणि मुलाला बसवलं. सौ. स्वयंपाकघरात भांडी घासत राहिली, धुतलेलीच परत. लोकलताईंनी सांगितलं तसं कढीपासून सुरुवात केली. म्हटलं, त्या दिवशी कढी केली नव्हती. सून म्हणाली, "माहितेय. ताक घरात नव्हतंच, मी सकाळी विरजण लावून गेले होते."

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की काहीतरी आहे. आठ दिवस वाट बघत होती.

मग पट्ट्या, अठरा, सतरा, पर्स, सगळं सांगितलं. रिक्षा का केली नाही तेही सांगितलं. मुलगा मध्येच, "अहो बाबा, पण..." म्हणायला लागला, तिने त्याला थांबवलं. एकच विचारलं, "सतरा निघाल्या तेव्हा किती वाजले होते?" मी म्हटलं सव्वाबारा असतील. ती मनाशी काहीतरी जुळवत होती. म्हणाली, "सव्वाबाराला मी डबा उघडून जेवत होते." आणि उठून आत गेली. बराच वेळ आली नाही. मुलगा माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे बघेना.

आली ती एक कागद घेऊन. त्यावर तीन फोन नंबर मोठ्या अक्षरात, तिचा, आमच्या लहान मुलांच्या डॉक्टरांचा आणि ११२. दाराच्या मागे, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवला. म्हणाली, "आबा, पुढच्या वेळी आधी रिक्षा, मग मला फोन. मला फोन नाही झाला तरी चालेल." तिने मला आबा म्हटलं, एरवी बाबा म्हणते. चिऊच्या तोंडचं उचललं असेल.

पाळणाघराचा विषय निघाला. तिनेच काढला. आठवड्यातून दोन दिवस पाठवायचं म्हणते. "तुमच्यासाठी नाही, तिच्यासाठी. बाकीच्या पोरांत राहू दे." मला वाटलं होतं तेवढं लागलं नाही. सौ.ला लागलंय. मंगळवार-शुक्रवार ठरलंय, जुलैपासून. त्या दोन दिवसांत मी काय करणार हा प्रश्न आहे, घरात तेल घालायचं आता काही उरलेलं नाही.

खालच्या कड्या सगळ्या काढल्या. भोकं बुजवली. वरची एक नवीन घ्यायची आहे, बेडरूमची जुनी ढिली झालीय. दुकानदार म्हणतो स्टेनलेस स्टीलची न्या, आयुष्यभर बघायला नको.

---

महामार्ग_४

ॲल्युमिनियमचीच घ्या. स्टीलची असती तर त्या दिवशी महाबळेश्वर सोडून पोलादपूरपर्यंत जावं लागलं असतं.